खाडीपलीकडचे तटस्थ

काशीगाव आज ओळखले जाते ते महामार्गामुळे. घोडबंदरचा रस्ता अहमदाबादच्या रस्त्याला येऊन मिळतो तो काशीमिऱ्याचा नाका, तिथली ट्रकांची रांग आणि अलीकडे मेट्रोच्या नकाशावर आलेले स्थानक. अठराव्या शतकात याच जागेचा पत्ता पाण्यावरून सांगितला जाई. उत्तरेला वसईची खाडी, खाडीच्या वळणावर घोडबंदरचा कोट, पश्चिमेला उत्तन-डोंगरीचे धारावी बेट, दक्षिणेला वेसावे. साष्टीचे बेट जिथे संपते तिथे माहीमची खाडी आणि तिच्या पलीकडे इंग्रजांची मुंबई.

१७३७ ते १७३९ या तीन वर्षांत या टापूत मराठे आणि फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, एकमेकांशी झुंजले. ठाणे पडले, घोडबंदर पडले, धारावी एकदा हातातून गेली आणि पुन्हा आली, वेसावे आले, आणि शेवटी वसई. ही हकीगत मराठी वाचकाला पाठ आहे. य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ लिहून ती नीट लावून दिली, रियासतकारांनी पेशवे दप्तरातली पत्रे छापून तिच्यामागचे कागद हाती दिले. गंगाजी नाईक अंजूरकर, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, खंडोजी माणकर, शंकराजी केशव ही नावे वसई-ठाण्याच्या माणसाला परकी नाहीत. मग आणखी एक पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एका ओळीचे आहे. हे पुस्तक लढणाऱ्यांवर नाही. या युद्धात जो लढला नाही त्याच्यावर ते आहे.

माहीमच्या खाडीपलीकडे बसून मुंबईकर इंग्रज हे युद्ध पाहत होते, अशी आपली एक ढोबळ समजूत आहे. पाहत होते हे खरे, पण नुसते पाहत नव्हते. ते एका बाजूला दारूगोळा देत होते, दुसऱ्या बाजूला बातमी देत होते. कर्ज देत होते आणि तारण घेत होते. निर्वासितांना आसरा देत होते, आणि ते निर्वासित आपल्याच दारातून लवकर पुढे कसे जातील हेही पाहत होते. फिरंग्यांना इंग्रज आपल्या बाजूने हवे होते. मराठ्यांना ते निदान आड यायला नको होते. दोन्ही सत्ता मुंबईची मनधरणी करत होत्या आणि मुंबई दोघांकडूनही काही ना काही पदरात पाडून घेत होती. युद्धकाळात तटस्थ राहिलेल्या मुलखात मोठ्या सत्तांची जी ओढाताण चालते, तिचा इतका भरीव नमुना आपल्या किनाऱ्यावर दुसरा सापडणे कठीण.

तटस्थ हा शब्द इथे चटकन पटत नाही, कारण कागदावर इंग्रज तटस्थ असायला नको होते. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची मैत्री १३७३च्या तहापासूनची. मुंबई बेट इंग्रजांकडे आले तेच १६६१च्या विवाहकरारातून, दुसऱ्या चार्ल्सला कॅथरिन ऑफ ब्रगांझाबरोबर मिळालेले आंदण म्हणून. त्या कराराला एक गुप्त कलम होते. पोर्तुगालच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचे रक्षण करण्याची हमी इंग्लंडच्या राजाने त्यात दिली होती. कलम लिहिताना दोघांच्याही डोळ्यांसमोर डच होते, मराठे नव्हते, हे खरे. तरी हमी ती हमी. १७३९ साली वसईचा तट ढासळत असताना त्या हमीची आठवण फिरंग्यांना झाली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

पण मुंबई दिल्याच्या दिवसापासूनच दोघांत कुरबूर होती. आंदणात मुंबईबरोबर साष्टी येते, असे इंग्रजांचे म्हणणे. येत नाही, असे फिरंग्यांचे. विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रू याने बेट द्यायलाच टाळाटाळ केली आणि १६६५ साली दिले ते नुसते बेट. राजाने १६६८ साली ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या गळ्यात घातले. पुढची सत्तर वर्षे कंपनीचे लोक माहीमच्या किनाऱ्यावरून साष्टीकडे पाहत राहिले. मुंबईचे धान्य साष्टीतून यायचे. मुंबईचा माल आत जायचा तर ठाण्याच्या खाडीतून, आणि तिथे फिरंगी जकात मागायचे. एकाच धर्माचे, एकाच तहाचे दोन शेजारी. वैर मात्र भाऊबंदकीतले.

आणि मुंबई त्या वेळी दुबळी होती. आजच्या मुंबईवरून तिची कल्पना करू नये. शिबंदी थोडी आणि तट अपुरा. दक्षिणेला आंगऱ्यांचा धाक इतका की १७३५च्या डिसेंबरात संभाजी आंगऱ्याने ‘डर्बी’ हे इंग्लंडहून आलेले कंपनीचे भरलेले जहाज धरून नेले. विलायतेतले डायरेक्टर खर्चावर डोळे वटारून बसलेले. अशा वखारीच्या गव्हर्नराला धर्मबंधूंसाठी पेशव्याशी वैर घेणे परवडणारे नव्हते. पेशवा साष्टीत येऊन बसणेही त्याच्या सोयीचे नव्हते. जॉन हॉर्न याने १७३४ ते १७३९ अशी पाच वर्षे या दोन अडचणींमध्ये काढली. त्याच्यामागून आलेल्या स्टीफन लॉ याच्या कारकिर्दीचा पहिलाच मोठा प्रसंग म्हणजे वसईचे पतन.

हॉर्नने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ठाणे पडल्यावर त्याने फिरंग्यांना थोडी मदत केली. वांद्र्याच्या बाजूला मराठे फार पुढे सरकले तर माहीम उघडे पडणार होते, तेव्हा ही मदत स्वतःच्याच दारासाठी होती. पुढे फिरंग्यांनी पेद्रु द मेलु याच्या हाताखाली ठाणे परत घेण्याची तयारी चालवली. या तयारीची वर्दी मराठ्यांना पोचली, आणि ती मुंबईच्या गव्हर्नराकडून पोचली, तहाच्या सल्ल्यासह. हल्ला फसला, मेलु तोफेच्या गोळ्याने पडला. पोर्तुगीजांचा इंग्रजांवरचा राग या एका गोष्टीवरून जो पेटला तो त्यांच्या इतिहासग्रंथांत पुढेही विझला नाही. इंग्रजांनी मराठ्यांना गोलंदाज पुरवले, दारू पुरवली, असेही त्यांचे आरोप होते. उलट बाजूने, वसईच्या तटावरून आपल्यावर येणारे गोळे मुंबईचे आहेत, ही मराठ्यांची तक्रार. दोन्ही पक्ष एकाच तटस्थाला फितूर म्हणत असतील, तर तो तटस्थ आपले काम चोख करत होता असे म्हणावे लागते. त्या कामाला चांगले म्हणायचे की नाही, हा प्रश्न वेगळा.

या पुस्तकातले सगळ्यात लांब प्रकरण कर्जाचे आहे. मला स्वतःला ते सगळ्यात महत्त्वाचे वाटते. १७३९च्या फेब्रुवारीत पेशवा बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा यांचा वेढा वसईला पडला. आत दाणा होता, दारू संपत होती, शिपायांच्या पगाराला पैसा नव्हता. गोव्याकडून मदत येण्याची वाट मराठ्यांनी आधीच अडवली होती. व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर जानेवारीतच गोव्यात शिरून मडगावपर्यंत पोचले होते. विजरई काउंट ऑफ सांडोमिल याला स्वतःचे घर सांभाळणे भाग होते. राहता राहिली मुंबई. वसईच्या किल्लेदाराने मुंबईकडे पैसे मागितले. मुंबईने पंधरा हजार रुपये दिले. तारण म्हणून देवळांतली चांदी घेतली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून काही पितळी तोफाही घेतल्या.

वेढा पडलेल्या किल्ल्याकडून तोफा तारण घ्यायच्या! यातला विचार समजून घेण्याजोगा आहे. किल्ला पडला तर त्या तोफा मराठ्यांच्या हाती जाणार, म्हणजे उद्या माहीमवर रोखल्या जाणार. तारण घेतल्या की त्या मुंबईत सुरक्षित. किल्ला राहिला तर कर्ज फिटेल. कोणत्याही बाजूने मुंबईचे नुकसान नाही. वसई पडल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या, आणि आजही नाशिकच्या नारोशंकरात, भीमाशंकरला, मेणवलीला लोक त्या दाखवतात. विजयाची खूण म्हणून त्या दिसतात, वाजतात. पण त्याच चर्चांमधली चांदी त्याआधीच गुपचूप खाडी उतरून मुंबईत गहाण पडली होती. वसईच्या लुटीची आपण मोजदाद करतो तेव्हा ही चांदी आपल्या हिशेबात धरत नाही.

याच वेळी आणखी एक सौदा झाला, तो वांद्र्याचा. वांद्र्याच्या टोकाला फिरंग्यांचा किल्ला होता, माहीमच्या समोरासमोर. तो मराठ्यांच्या हाती पडला तर मुंबई त्यांच्या माऱ्यात येणार. इंग्रजांनी फिरंग्यांची समजूत घातली आणि तो सुरुंग लावून पाडायला लावला. मित्राकडून मित्राचाच किल्ला पाडून घ्यायचा आणि शत्रूशी मात्र भांडण उकरायचे नाही, ही रीत कोणत्याही राजनीतीच्या पोथीत शोभली असती.

सोळा मे १७३९ला वसईने शरणागतीचा करार केला. किल्ला लढवणारा मार्तिन्यु द सिल्व्हेरा आधीच पडला होता. कायतानु द सोझा परैरा याने कलमे ठरवली. शिबंदीने शस्त्रे, निशाणे आणि नौबतीसह बाहेर पडावे, राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मुभा असावी. मराठ्यांचे या वेढ्यात पाच हजारांवर माणूस मेले-जखमी झाले असे ग्रँट डफ लिहितो. बाहेर पडलेले फिरंगी शिपाई मुंबईला आले आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांचे ओझे मुंबईवर पडले. त्यांच्या खर्चासाठी कंपनीने पैसे दिले, तेही कर्जाऊ.

इथे तारखांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे कागद वाचताना गोंधळ होईल. इंग्रज त्या काळी जुन्या पंचांगाने चालत. फिरंग्यांनी नवे पंचांग केव्हाच घेतले होते. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर. त्यामुळे ठाणे मुंबईच्या कागदात २७ मार्चला पडते आणि फिरंग्यांच्या कागदात एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. वसईचा करार इंग्रजांच्या हिशेबी ५ मेचा. मराठी कागदांत तिथी आणि मुसलमानी चंद्र येतात. एकाच घटनेला तीन वेगळे दिवस पाहून लेखकांनी अधूनमधून दोन लढाया कल्पिल्या आहेत. या पुस्तकात नवे पंचांग धरले आहे, आणि जिथे इंग्रजी कागदाची तारीख तशीच ठेवली आहे तिथे तसे सांगितले आहे.

वसई पडली आणि मुंबईला कापरे भरले. शहराच्या तटाभोवती खंदक हवा म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये जमवून दिले. खंदक पुरा व्हायला पुढे आणखी चार वर्षे आणि कितीतरी अधिक पैसा लागला. तोवर स्टीफन लॉने दोन माणसे दोन दिशांना पाठवली, आणि या पुस्तकाचा खरा गाभा इथे आहे.

कॅप्टन विल्यम गॉर्डन मे महिन्यात घाट चढून शाहू छत्रपतींकडे गेला. छत्रपती त्या वेळी मिरजेच्या मोहिमेवर होते. उघड काम नजराणा देऊन स्नेह जोडण्याचे. आतले काम निराळे होते. दरबारात बाजीरावाशी वाकडे असलेले कोण आहेत ते हेरावे, त्यांच्या कानी घालावे की पेशवा फार मोठा होतो आहे, आणि त्यातून मुंबईला काही फट सापडते का ते पाहावे. मुंबईच्या कौन्सिलने त्याला तशा लेखी सूचना दिल्या होत्या. दरबारात अशा माणसांची टंचाई नव्हती. प्रतिनिधींपासून दाभाड्यांपर्यंत बाजीरावाविषयी मनात अढी धरून असलेली घराणी होती, आणि दाभाड्यांशी झालेल्या डभईच्या लढाईला आठच वर्षे झाली होती. पण गॉर्डनच्या लक्षात यायचे ते आले. सातारकरांचा मान मोठा, हुकूम मात्र पुण्याहून निघतो.

दुसरा माणूस कॅप्टन जेम्स इंचबर्ड. त्याला वसईत चिमाजी अप्पांकडे पाठवले. इंचबर्डला इथल्या भाषा येत, रीतरिवाज ठाऊक होते, जंजिऱ्याच्या सिद्दीशी आणि आंगऱ्यांशी कंपनीचे व्यवहार त्याने हाताळले होते. दरबारी बोलणी कशी लांबवावी आणि कशी आटपावी हे त्याला समजत होते. जुलै १७३९मध्ये त्याने चिमाजी अप्पांशी तह केला. पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांना मोकळा व्यापार मिळाला. म्हणजे एका हाताने घाटावर पेशव्याच्या शत्रूंचा शोध आणि दुसऱ्या हाताने पेशव्याच्या भावाशी मैत्रीचा करार, एकाच पावसाळ्यात. पुढल्या वर्षी मराठे आणि फिरंगी यांचा तह झाला त्यात मध्यस्थ हाच इंचबर्ड. चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेली, गोव्यातून मराठे निघाले. तीन वर्षे ज्याला दोन्ही बाजू फितूर म्हणत होत्या त्याच्याच माणसाला शेवटी दोघांनी मधे बसवले.

मराठ्यांची बाजू आपण सहसा रणांगणावरून सांगतो आणि त्यांची मुत्सद्देगिरी राहून जाते. चिमाजी अप्पांनी मुंबईशी तिन्ही वर्षे भांडण टाळले. इंग्रजांच्या आरमाराने खाडीची तोंडे धरली असती तर वसईचा वेढा चाललाच नसता, हे त्यांना कळत होते. मराठ्यांकडे मानाजी आंगऱ्याची गलबते होती, पण दोन आंगरे भाऊ एकमेकांच्या उरावर होते, आणि त्यातल्या संभाजीशी इंग्रजांचे उघड वैर. तेव्हा मुंबईला गप्प बसवणे हे एका मोठ्या लढाईइतकेच मोलाचे होते. त्याची किंमत म्हणून चिमाजी अप्पांनी व्यापाराच्या सवलती दिल्या. मला हा सौदा त्या दिवशी तरी महाग वाटत नाही.

व्याख्यानांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो: वसई घेतली, मग मुंबई का नाही घेतली? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात १८१८ असते, किंवा विजयदुर्गाचे १७५६ असते. चिमाजी अप्पांच्या मनात यांतले काहीच नव्हते. त्यांच्यापुढे १७३९चा उन्हाळा होता. नादिरशहा मार्चमध्ये दिल्लीत शिरला होता, बाजीरावाला फौज उत्तरेकडे हवी होती, पावसाळा तोंडावर होता आणि पाच हजार माणूस नुकतेच खर्ची पडले होते. पुढच्याच वर्षी एप्रिलात बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजी अप्पा गेले. मुंबई घ्यायला जहाजे लागली असती आणि ती नव्हती. इतिहासाला जाब विचारायचा असेल तर तो पुढच्या पिढीला विचारावा. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंगऱ्याचे आरमार बुडवले, तो हिशेब नानासाहेबांचा आहे.

फिरंग्यांच्या बाजूचे कागद पुण्यात आणि मुंबईत बसून कळत नाहीत. त्यासाठी पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथाचे ऋण मान्य केले पाहिजे. गोव्याचे दप्तर त्यांनी मराठीत बोलते केले. इंग्रजांची पत्रे फॉरेस्टने छापली. साष्टीच्या बखरीतला गंगाजी नाईक, मुंबई कौन्सिलच्या नोंदींतला चिमाजी आणि गोव्याच्या पत्रांतला हॉर्न या तिघांना एका टेबलाशी बसवले की त्यातला कोणीही पूर्ण खरे बोलत नाही हे कळते. हे पुस्तक त्या बसण्याची व्यवस्था आहे. कोणाचा बचाव करणे हा त्याचा उद्देश नाही.

तटस्थतेची ही गोष्ट अठराव्या शतकापुरती राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात भूमिका उलटल्या. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ, आणि जर्मनीची ‘एहरनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि इटलीचे ‘आन्फोरा’ ही व्यापारी जहाजे मुरगावच्या बंदरात आसरा घेऊन पडलेली. या वेळी युद्धात होते इंग्रज, आणि दुसऱ्याची तटस्थता त्यांना नडत होती. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले साहेबलोक एका बोटीतून येऊन ‘एहरनफेल्स’वर चढले. चारही जहाजे बुडाली, आणि लंडनने कानावर हात ठेवले. त्याच वर्षी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर तळ हवा झाला तेव्हा चर्चिल यांनी पोर्तुगालला १३७३च्या तहाची आठवण करून दिली. वसईच्या वेळी मुंबईच्या कौन्सिलला ज्याचा विसर पडला होता तोच हा तह.

काशीगावच्या मुलखाचे पुढे काय झाले ते शेवटच्या प्रकरणात आहे. १७३७ला साष्टी मराठ्यांची झाली ती जेमतेम सदतीस वर्षे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात घर फाटले, राघोबादादा मुंबईकडे मदत मागू लागले, आणि इंग्रजांनी त्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई मागितली. बोलणी रेंगाळली. तेवढ्यात बातमी आली की पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घ्यायला आरमार आणत आहेत. मुंबईने वाट पाहिली नाही. १७७४च्या डिसेंबरच्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे हल्ला करून घेतले आणि त्यापाठोपाठ साष्टी घेतली. फिरंग्यांच्या हाती ती जाऊ नये म्हणून घेतली, असे कारण दिले. पुरंदरच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी मधल्या युद्धात घेतलेली वसई परत केली, साष्टी केली नाही.